‘पासवर्ड बरोबर, तरी फाइल उघडून दिली नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं असं: व्हेराक्रिप्ट या फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामचा कंटेनर (आत अनेक फाइली ठेवलेली एकच कुलूपबंद फाइल) जुन्या लॅपटॉपवर उघडत होता, नव्यावर उघडत नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही तीन दिवस नुसते प्रश्न विचारले, पासवर्डचे अंदाज लिहून मागितले आणि शेवटी ‘मास्टर की नसते’ म्हणून हात वर केले, वर तपासणीचे पैसेही घेतले. व्हिडिओत कुठलाही पासवर्ड पाच मिनिटांत तोडून दाखवतात, मग आम्हालाच का जमत नाही? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की जुना लॅपटॉप आता विकायला काढलाय.

सगळ्यात आधी एवढंच सांगतो: तो लॅपटॉप विकू नका, फॉरमॅट करू नका. तुमची फाइल परत मिळण्याची सर्वात मोठी शक्यता त्याच्यातच आहे. कारण खाली येईलच.

आता आमच्या चुका. अंदाज संदेशातून मागवायला नको होते. पासवर्डच्या आसपासचे शब्दसुद्धा पासवर्डाइतकेच जपायचे असतात; ते काम तुमच्याच संगणकावर, तुमच्यासमोर व्हायला हवं होतं. दुसरं म्हणजे, प्रत्येक प्रश्न कशासाठी आहे हे आम्ही सांगितलं नाही, त्यामुळे ती टाळाटाळ वाटली. तुमचा राग रास्त आहे. तपासणीचे पैसे पूर्ण परत करतो आहोत. खालचं उत्तर तुम्ही स्वतः इथे जाहीर केलेल्या गोष्टींपुरतंच आहे. बाकी तपशील इथे लिहिणार नाही.

तुम्हाला दिसलेला संदेश नीट वाचलात तर त्यात एक नव्हे, किमान चार कारणं आहेत: पासवर्ड चुकीचा, पीआयएम (पासवर्डसोबत देता येणारा एक आकडा) चुकीचा, पीआरएफ म्हणजे हॅश (पासवर्डपासून किल्ली बनवायची गणिती पद्धत) चुकीचा, किंवा ही फाइल व्हॉल्यूमच, म्हणजे व्हेराक्रिप्टचा कंटेनरच नाही. यातलं नेमकं कोणतं, हे व्हेराक्रिप्ट सांगू शकत नाही. कंटेनरच्या सुरुवातीचे ६४ बाइट सॉल्ट (किल्ली बनवताना मिसळायचे यादृच्छिक बाइट) असतात, त्यापुढचं हेडर (कंटेनर उघडायला लागणारी माहिती) पूर्ण एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारं. पासवर्ड, की-फाइल (पासवर्डसोबत जोडलेली एखादी फाइल) आणि पीआयएम मिळून एक किल्ली बनते, तिने हेडर उलगडून पाहिलं जातं, आणि आत ‘व्हेरा’ ही ठरलेली चार रोमन अक्षरं आणि तपासबेरजा (बाइट बिघडलेले नाहीत ना हे दाखवणारे आकडे) जुळल्या तरच उघडतं. जुळल्या नाहीत तर पासवर्डचं एक अक्षर चुकलंय की हेडरचा एक बाइट बिघडलाय, दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. म्हणजे तुमचा पासवर्ड खरंच बरोबर असू शकतो आणि तरीही ‘चुकीचा पासवर्ड’ हाच संदेश येऊ शकतो. तुमच्या बाबतीत तसंच असण्याची शक्यता मोठी आहे, कारण बदललंय ते यंत्र.

म्हणून यंत्रासोबत काय काय बदलतं ते पाहू.

कीबोर्ड. नवा लॅपटॉप यूके मांडणीवर असेल तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर @ ऐवजी दुहेरी अवतरण उमटतं. पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसतात, त्यामुळे कळत नाही. ‘डिस्प्ले पासवर्ड’वर खूण करून एकदा डोळ्यांनी वाचा. पासवर्ड मराठीत असेल किंवा त्यात मराठी अक्षरं असतील तर जास्त जपून पाहा. १२३ आणि 123 संगणकासाठी पूर्णपणे वेगळे आहेत. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर अंक देवनागरी उमटू शकतात. ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये एकच चिन्ह आहे, पण काही कीबोर्ड ‘अ’ आणि चंद्र अशी दोन चिन्हं टाकतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र टिंबवाल्या ऱ ने लिहिता येतो, तसाच साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊनही. पडद्यावर फरक शून्य, बाइट मात्र वेगळे, आणि व्हेराक्रिप्ट फक्त बाइट पाहतं. अशा वेळी ‘डिस्प्ले पासवर्ड’ही मदत करत नाही. जुन्या लॅपटॉपवर जो कीबोर्ड बसवला होता तोच नव्यावर बसवा आणि त्याच कळा त्याच क्रमाने दाबा. फोनमधल्या नोंदीतून चिकटवत असाल तर शेवटी आलेली मोकळी जागा खोडा.

की-फाइल. ‘मी की-फाइल वापरतच नाही’ असं बहुतेक जण मनापासून सांगतात. पण व्हेराक्रिप्टमध्ये ‘डिफॉल्ट की-फाइल्स’ नावाची सोय आहे. ती कधीकाळी लावून ठेवली असेल तर दर वेळी ती फाइल आपोआप जोडली जाते आणि तुम्ही फक्त पासवर्ड टाकता. नव्या लॅपटॉपवर ती सेटिंग नसते. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा विचारत होतो. जुन्या लॅपटॉपवर व्हेराक्रिप्ट उघडून ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डिफॉल्ट की-फाइल्स’ पाहा. तिथे एखाद्या फोल्डरचा मार्ग दिसला तर त्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल की-फाइल म्हणून मोजली जाते. मध्ये एक नवी फाइल येऊन पडली तरी किल्ली बदलते. फाइलचं नाव आणि तारीख महत्त्वाची नाही, पण तिच्या पहिल्या १ एमबीतला एकही बाइट बदलता कामा नये. की-फाइल म्हणून फोटो ठेवला असेल आणि तो मेसेजिंग ॲपमधून नव्या लॅपटॉपवर आणला असेल, तर तो दाबून लहान केला जातो आणि निरुपयोगी होतो. गाण्याची फाइल असेल तर प्लेअर तिच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये गायकाचं नाव किंवा चित्र भरतो, तेवढ्यानेही काम बिघडतं. मूळ फाइल जुन्या लॅपटॉपवरूनच, पेन ड्राइव्हने आणा.

पीआयएम. जुन्या लॅपटॉपवर कंटेनर ‘फेव्हरिट्स’मध्ये असेल तर पीआयएम तिथे जतन झालेला असू शकतो, तोही तिथेच पाहा. एक उपयोगी गोष्ट: पासवर्ड २० अक्षरांपेक्षा लहान असेल तर कंटेनरसाठी ४८५ पेक्षा कमी पीआयएम व्हेराक्रिप्ट ठेवूच देत नाही. रकाना रिकामा ठेवला की ४८५ च धरला जातो, म्हणजे १५,००० अधिक पीआयएम गुणिले १,०००, एकूण ५,००,००० आवर्तनं (किल्ली बनवताना तीच गणिती क्रिया तितक्या वेळा होते). त्यामुळे पासवर्ड छोटा असेल तर लहान आकडे टाकून पाहण्यात वेळ घालवू नका.

आवृत्ती. कंटेनर ट्रूक्रिप्टच्या काळातला असेल (हा व्हेराक्रिप्टच्या आधीचा प्रोग्राम, त्याचं काम मे २०१४ मध्ये थांबलं) तर नवं व्हेराक्रिप्ट तो उघडत नाही. २०२३ मध्ये आलेल्या १.२६ मालिकेपासून तो आधार काढून टाकलाय. १.२५.९ ही ट्रूक्रिप्ट उघडणारी शेवटची आवृत्ती. तिच्यात पासवर्डच्या खिडकीत ‘ट्रूक्रिप्ट मोड’वर खूण करावी लागते. नव्या लॅपटॉपवर लोक साहजिकच सगळ्यात ताजी आवृत्ती उतरवतात आणि तिथेच अडकतात.

राहिली फाइलची प्रत, आणि इथे मला सर्वात जास्त शंका आहे. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर मावत नाही, म्हणून बरेच जण ती क्लाउडमधून आणतात. व्हेराक्रिप्ट मुळात कंटेनरची ‘बदलल्याची तारीख’ बदलू देत नाही. आत काय हाललं हे बाहेरून दिसू नये हा हेतू. पण तारखेवर विसंबणाऱ्या सिंक प्रोग्रामला मग बदल झालाच नाही असं वाटतं. क्लाउडमध्ये महिन्यांपूर्वीची प्रत तशीच पडून राहते. तुम्ही मध्यंतरी पासवर्ड बदलला असेल तर त्या प्रतीला जुनाच पासवर्ड लागतो. तेव्हा एकदा आधीचा पासवर्ड नक्की टाकून पाहा. उघडली तरी नवीन फाइली त्यात नसतील, त्यासाठी मूळ कंटेनर जुन्या लॅपटॉपवरच आहे. दोन्ही प्रती एकच आहेत का हे तपासायला सेव्हन-झिप या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या उजव्या क्लिकच्या मेनूत ‘सीआरसी एसएचए’ आहे. दोन्हीकडे एसएचए-२५६ (फाइलच्या सगळ्या बाइटांवरून निघणारा ठसा) काढा आणि आकडे ताडून पाहा.

प्रत सारखीच निघाली आणि तरी उघडेना, तर हेडरचा बिघाड धरून चालायचं. कंटेनरच्या शेवटच्या १२८ केबीत हेडरची दुसरी प्रत असते. ‘माउंट ऑप्शन्स’मध्ये बॅकअप हेडर वापरण्याची खूण आहे, तिने उघडलं तर आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या, मगच ‘टूल्स’मधल्या ‘रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर’ला हात लावा. आणि हे सगळं कंटेनरच्या प्रतीवर, मूळ फाइलवर नाही. जुनी बाहेर ठेवलेली हेडर-बॅकअप फाइल असेल तर तिच्यासोबत त्या दिवशीचा पासवर्ड परत येतो, आजचा नाही.

आता मास्टर की आणि व्हिडिओ. व्हेराक्रिप्टच्या कंटेनरला तिसऱ्या कोणाकडे चावी नसते, बनवणाऱ्यांकडेही नाही. व्हिडिओत दाखवतात ती बहुतेक वेगळी कुलपं असतात: विंडोजचा लॉगिन पासवर्ड, एक्सेल शीटचं संरक्षण (तिथे मजकूर एन्क्रिप्टच झालेला नसतो), किंवा झिपची जुनी झिपक्रिप्टो पद्धत, जिची कमजोरी १९९४ पासून जाहीर आहे. तुमच्या कंटेनरला यातलं काही लागू होत नाही. कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून यादृच्छिक निवडलेल्या ८ अक्षरांच्या पासवर्डसाठी सुमारे ६,६०० लाख कोटी शक्यता होतात. सेकंदाला १,००० तपासल्या तरी दोन लाख वर्षांहून जास्त लागतील. त्या व्हिडिओंखालचे ‘क्रॅकर’ प्रोग्राम कृपया उतरवू नका, त्यांतून मालवेअर येण्याचा धोका मोठा आहे.

पण आठवणीतले तुकडे असतील तर गणित पूर्ण पालटतं. समजा ६ शब्दांपैकी एक, लिहिण्याच्या ४ तऱ्हा, ५० पैकी एखादं साल, शेवटी १० पैकी एक चिन्ह: एकूण १२,००० शक्यता. सेकंदाला फक्त एक तपासली तरी ३ तास २० मिनिटं. अंदाज मागितले ते यासाठी. वापरलेला हॅश माहीत असेल तर पीआरएफच्या यादीतून तोच निवडा, नाहीतर व्हेराक्रिप्ट दर प्रयत्नाला सगळे हॅश चाळत बसतं.

आमचा प्रस्ताव असा. जुना लॅपटॉप चालू करा. कंटेनर त्यावर अजून उघडत असेल तर ही बाब तिथेच मिटते: आतल्या फाइली बाहेर काढा, नव्या लॅपटॉपवर नवा कंटेनर बनवा, त्यात भरा. काढलेल्या उघड्या फाइली नंतर पुसायला विसरू नका. तिथेही उघडत नसेल तर वरच्या क्रमाने तपासा, आणि त्यानंतरही अडलं तर आम्हाला पूर्ण कंटेनर देऊ नका. पहिले १२८ केबी आणि शेवटचे १२८ केबी एवढेच तुकडे कापून द्या. छुप्या व्हॉल्यूमचं (कंटेनरच्या आत लपवलेल्या दुसऱ्या कंटेनरचं) हेडरही त्यातच येतं. पासवर्ड सापडला तरी तेवढ्यावरून तुमची एकही फाइल आम्हाला वाचता येत नाही. शब्दांची यादी तुमच्याच संगणकावर, तुमच्या हाताने भरायची. तपासणीही तिथेच चालेल, आम्ही फक्त शेजारी बसून दाखवू. याचे पैसे घेणार नाही.

तुमच्या तक्रारीचा क्रमांक पुन्हा उघडलाय. जुन्या लॅपटॉपवर ‘डिफॉल्ट की-फाइल्स’मध्ये काही दिसतंय का, एवढंच आधी कळवा. मार्ग किंवा फाइलचं नाव लिहू नका, ‘आहे’ किंवा ‘नाही’ पुरे.