हॉट टब: ‘गरम पाण्यात जंतू मरतातच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

लोणावळा, कर्जत, अलिबागकडे बंगले असणाऱ्यांच्या ग्रुपांवर हॉट टबबद्दल एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: पाणी 40 अंशांवर असल्यामुळे जंतू आपोआप मरतात, त्यात ओझोन असेल तर क्लोरीन लागतच नाही. पाणी गढुळलं तर तुरटी फिरवा, फारच झालं तर ब्लीचिंग पावडर टाका. रविवारी निघताना एमसीबी पाडा. पाणी वर्षातून एकदा बदला आणि जुनं झाडांना सोडा. जागा नसेल तर टब गच्चीवर बसवा, तिथे पाण्याची टाकी असतेच की.

एमसीबीच्या आणि झाडांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीचा मेसेज लोकांना आजारी पाडेल असा आहे.

आधी जंतू. लिजिओनेला हा जिवाणू 20 ते 45 अंशांच्या पाण्यात वाढतो. तो मारायचा तर पाणी 60 च्या वर न्यावं लागतं, आणि त्यात माणूस बसू शकत नाही. अंगावर लाल पुरळ उठवणाऱ्या स्यूडोमोनासलाही 40 अंश छान मानवतात. जेट सुरू झाले की बुडबुडे फुटून बारीक तुषार हवेत उडतात आणि लिजिओनेला श्वासावाटे फुप्फुसात उतरतो. फेब्रुवारी 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या पुष्पप्रदर्शनात एक टब नुसता दाखवायला म्हणून गरम पाण्याने भरून चालू ठेवला होता. त्यात कुणी बसत नव्हतं. तरी शेकडो माणसं आजारी पडली, त्यातली किमान 32 दगावली. पाण्यात जंतुनाशक नव्हतं.

ओझोनचं काम पाइपातून जाणाऱ्या पाण्यापुरतं चालतं. टबमध्ये तो टिकत नाही, त्यामुळे शेजारी बसलेल्याच्या अंगावरून आलेला जंतू त्याच्या तावडीत सापडतच नाही. ओझोन असला की क्लोरीन थोडं कमी खपतं, एवढंच. मिठावर चालणारी सिस्टिमही त्या मिठापासून क्लोरीनच तयार करते.

मग किती क्लोरीन? मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं, 3 ते 5 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच 7.2 ते 7.8, आणि पीएच स्थिर धरून ठेवणारी अल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएम. क्रम उलटा धरायचा: आधी अल्कलिनिटी, मग पीएच, शेवटी क्लोरीन. अल्कलिनिटी 10 ने वाढवायला 1000 लिटरला 17 ग्रॅम खायचा सोडा पुरतो. पीएच मात्र टबमध्ये आपणहून चढत राहतो, कारण जेटच्या हवेने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पीएच उतरवायला ड्राय अ‍ॅसिड, म्हणजे सोडियम बायसल्फेट, थोडं थोडं घाला. पीएच 8 झाला की त्याच क्लोरीनची मारकशक्ती 7.5 च्या तुलनेत निम्म्यावर येते.

क्लोरीनसाठी दाणेदार डायक्लोर घ्या. त्यात सुमारे 56 टक्के क्लोरीन असतं, म्हणजे 1200 लिटरच्या टबला 3 पीपीएम चढवायला साधारण साडेसहा ग्रॅम. अंदाजाने मूठ मारू नका, पाच-दहा ग्रॅम नीट दाखवणारा छोटा डिजिटल काटा वेगळा ठेवा. डायक्लोर टाकताना जेट चालू आणि झाकण किमान 15 मिनिटं उघडं असू द्या, नाहीतर कोंडलेला वायू झाकणाची खालची बाजू आणि डोक्याच्या उशा खाऊन टाकतो. स्विमिंग पूलच्या ट्रायक्लोर गोळ्या इथे वापरायच्या नाहीत. गरम पाण्यात त्या भराभर विरघळतात, पीएच पाडतात आणि तळाशी पडल्या तर अ‍ॅक्रिलिकवर पांढरे डाग कायमचे राहतात.

टेस्टिंगमध्येही एक गोची आहे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं. ते ऑर्थोटोलिडीनचं किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यात वापरून झालेलं, घामाशी जोडलं गेलेलं क्लोरीनही आलं. मुक्त क्लोरीन हवं असेल तर डीपीडी किट घ्या, त्यात रंग गुलाबी येतो. डोळे चुरचुरवणारा उग्र ‘क्लोरीनचा वास’ही बहुधा त्या वापरलेल्या क्लोरीनचाच असतो. अशा वेळी क्लोरीन कमी केलं तर दुखणं वाढतं, उलट शॉक द्यायला हवा, म्हणजे एकदम जास्त क्लोरीन टाकायचं. 1200 लिटरला सुमारे 21 ग्रॅम डायक्लोरने 10 पीपीएम येतं. आकडा 5 च्या आसपास उतरल्याशिवाय आत बसू नका.

तुरटी पाण्यातला गाळ एकत्र करून खाली बसवते. टबमध्ये पाणी फिरत असतं, त्यामुळे तो चिकट गाळ फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसतो. शिवाय तुरटी अल्कलिनिटी आणि पीएच दोन्ही खाली ओढते, आणि जंतू मारण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. गढुळपणाची खरी कारणं बहुतेकदा दोनच: क्लोरीन शून्यावर गेलंय किंवा फिल्टर तुंबलाय. फिल्टर आठवड्याला नळाच्या साध्या धारेने धुवा, महिन्यातून एकदा फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा, आणि जोडीला दुसरा ठेवा. प्रेशर वॉशर मारलात तर कापड फाटतं.

ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात आधीच कठीणपणा भरपूर. टबसाठी 150 ते 250 पीपीएम पुरे, बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी त्याच्या कितीतरी वर असतं. पाणी जितकं गरम तितका क्षार लवकर सुटतो, आणि सर्वात गरम जागा म्हणजे हीटरचं एलिमेंट. त्यावर थर चढतो, एलिमेंट आतल्या आत तापतं, आवरणाला चीर जाते, पाण्यात करंट उतरू लागतो आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, पडायला लागतो. याच टप्प्यावर एखादा वायरमन ‘तो सारखा ट्रिप होतोय’ म्हणून आरसीसीबी बायपास करून देतो. त्याला तिथल्या तिथे थांबवा. 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी आणि धड अर्थिंग नसेल तर त्या टबमध्ये पाय घालू नये. बोअरचंच पाणी असेल तर सॉफ्टनरमधून काढलेलं पाणी मिसळून भरा. आणि ब्लीचिंग पावडर व ट्रायक्लोर एका डब्यात किंवा एका चमच्याने कधीच हाताळू नका, मिश्रण पेट घेतं.

आता एमसीबी. बंद ठेवल्याने वीज वाचते हे खरं आहे, पाणी जितकं गार तितकी उष्णता कमी वाया जाते. पण थंडीत पाणी 20 अंशांवर उतरलं तर 1200 लिटर परत 40 वर न्यायला सुमारे 28 युनिट लागतात, म्हणजे 3 किलोवॅटच्या हीटरला नऊ तासांहून जास्त. शुक्रवारी रात्री पोहोचणाऱ्याला टब शनिवारी सकाळी मिळणार. तेही चालेल. न चालणारी गोष्ट म्हणजे एमसीबीबरोबर पंपही थांबतो, क्लोरीन दोन-तीन दिवसांत संपतं आणि पाइपांच्या आत शेवाळल्यासारखा बुळबुळीत थर धरतो. त्या थराच्या आतल्या जंतूंपर्यंत नंतरचं क्लोरीन पोहोचत नाही. त्यापेक्षा तापमान उतरवा, पॅनेलवर स्लीप किंवा इकॉनॉमी मोड लावा, फिल्टर सायकल सकाळी 2 आणि रात्री 2 तास ठेवा. निघताना शॉक द्या. बुधवारी बंगल्यावरच्या केअरटेकरला मोजून ठेवलेली साडेसहा ग्रॅमची पुडी टाकायला सांगा. असं कुणीच नसेल, किंवा पावसाळ्यात महिनाभर जाणं होणार नसेल, तर टब रिकामा करून कोरडा ठेवलेला बरा. आपल्याकडे पाइपात पाणी गोठून ते फुटण्याची भीती नाही. न्यू जर्सीतल्या मंडळींना ती आहे, त्यांनी ब्लोअरने पाइप रिकामे केल्याशिवाय टब थंडीत बंद ठेवू नये.

पाणी बदलण्याचा हिशेब सोपा: लिटर भागिले 11, भागिले रोज बसणारी माणसं. 1200 लिटर, दोन माणसं, म्हणजे साधारण 54 दिवस. डायक्लोरमधून दर 10 पीपीएम क्लोरीनमागे 9 पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात साठतं, ते उडून जात नाही, आणि वाढलं की क्लोरीन मंदावतं. म्हणून नुसतं वरून पाणी भरत राहून भागत नाही. उपसण्याच्या आदल्या दिवशी पाइप साफ करणारं पर्ज घालून जेट चालवा. फेसाबरोबर जी तपकिरी घाण वर येते ती पाहून वर्षातून एकदाचा सल्ला कुणी देणार नाही. पर्ज घातलेलं पाणी मात्र गटारातच. झाडांना द्यायचं तर पर्जआधी, क्लोरीन शून्य झाल्याचं किटवर पाहून आणि पाणी गार झाल्यावर. मिठाच्या सिस्टिमचं पाणी झाडांना नकोच.

राहिली गच्ची. 1200 किलो पाणी, 300 किलो टब, पाच माणसांचे 350. 2 बाय 2 मीटरवर हे 1850 किलो म्हणजे चौरस मीटरला 460 च्या वर. आयएस 875 या भारतीय मानकाप्रमाणे वावर असलेल्या गच्चीचा वापराचा भार चौरस मीटरला 150 किलो धरतात. पाण्याची टाकी बीम-कॉलमवर बसवलेली असते, स्लॅबच्या मधोमध नसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने इमारतीचे ड्रॉइंग पाहून लेखी दिल्याशिवाय टबची ऑर्डर देऊ नका. तो बहुधा लोखंडी गर्डरवर भार कॉलमांकडे नेणारी फ्रेम सुचवेल, आणि तिचा खर्च टबच्या किमतीत धरून चला.