पैसे घेतलेत, तर तसं मराठीत सांगा

गेल्या एप्रिलमध्ये वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, कुटायला डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, गेले होते. कोल्हापुरात एप्रिलमधला डंक म्हणजे काय, ते इथल्या बायकांना सांगायला नको. सकाळी लवकर नंबर लावला तरी दुपार होतेच. माझ्याकडे चार किलो ब्याडगी मिरची, दोन किलो संकेश्वरी मिरची, देठ काढून गच्चीवर कडकडीत वाळवलेली. डब्यांत भाजलेलं खोबरं, धणे, तीळ, तळलेला कांदा, लसूण वेगळा. सगळ्याजणी नाकाला पदर लावून बसलेल्या. पुढच्या नंबरला आमच्याच गल्लीतल्या काकू होत्या. त्यांनी माझ्या पिशव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय गं, तुझ्या घरात पुडीची चटणी असते न्हवं? व्हिडिओत सांगितलंस की. तुझं बघून मी दोन पुड्या आणल्या."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

माझं व्हिडिओचं एक छोटं पेज आहे. त्या एप्रिलच्या दोन महिने आधी एका मसाला कंपनीनं मला 'ब्रँड अ‍ॅम्बॅसडर', म्हणजे त्यांच्या मालाची जाहिरात करणारी, केलं होतं. तीन महिने, सहा रील, निम्मे पैसे आधी, निम्मे काम संपल्यावर. वाक्यं त्यांनीच लिहून दिलेली. त्यातलं एक होतं, "आमच्या घरात वर्षभर हीच चटणी." मी ते कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं. चटणी वाईट होती असं मुळीच नाही, आमटीत घालून बघितली होती, चव चांगली होती. पण वर्षभर आमच्या घरात तीच असते, हे खोटं होतं. आणि मी पैसे घेतलेत हे कुठं लिहिलं होतं, तर खाली दहा-बारा हॅशटॅगच्या गर्दीत, इंग्रजीत, 'कोलॅब', म्हणजे कंपनीबरोबर मिळून केलेलं. काकू इंग्रजी वाचत नाहीत. त्यांना ते दिसणार कुठून?

सिनेमातली नटी साबणाची जाहिरात करते तेव्हा ती जाहिरात आहे हे लहान पोराला पण कळतं. माझ्या व्हिडिओत माझी गॅसची शेगडी असते, सासूबाईंचे पितळी डबे असतात, मागून कुकरची शिट्टी येते. बघणाऱ्या बाईला वाटतं, शेजारीण सांगतेय. कंपनी मला पैसे देते ते त्या वाटण्याचेच, माझ्या चेहऱ्याचे नव्हेत. म्हणून आपल्यासारख्या छोट्या पेजवाल्यांवर नटीपेक्षा जास्त जबाबदारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी घरी येऊन नियम वाचायला बसले. आधीच वाचायला हवे होते. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेनं २०२१ मध्येच सोशल मीडियावाल्यांसाठी नियम काढलेत. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत 'जाहिरात' ही पाटी निदान ३ सेकंद दिसली पाहिजे, त्यापुढे २ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. ग्राहक मंत्रालयानं जानेवारी २०२३ मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं: हा खुलासा हॅशटॅगमध्ये मिसळायचा नाही, आणि ज्या भाषेत जाहिरात, त्याच भाषेत तो करायचा. म्हणजे मी मराठीत बोलत असेन तर 'जाहिरात' हा शब्दही मराठीतच यायला हवा. वस्तू स्वतः वापरून बघितलेली असावी, हेही त्यातच आहे. आणि हे नुसते सल्ले नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तो कंपनीलाच नाही, जाहिरात करणाऱ्यालाही लागू शकतो. वर एक वर्षापर्यंत जाहिराती करायला बंदी, पुन्हा चूक केली तर तीन वर्षांपर्यंत. दाव्याची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर सुटका आहे. स्क्रिप्ट कंपनीनं लिहिली होती, एवढं सांगून भागत नाही.

कराराप्रमाणे मला व्हिडिओ काढून टाकता येत नव्हता. म्हणून त्याच्याखाली पहिली कॉमेंट मी स्वतः लिहिली आणि पिन केली, म्हणजे ती कायम सगळ्यात वर दिसेल: "ही जाहिरात आहे. मी याचे पैसे घेतले आहेत. आमच्या घरची वर्षाची चटणी डंकावरच कुटते." दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन. कॉमेंट काढा, नाहीतर उरलेले पैसे मिळणार नाहीत. मी काढली नाही, पैसे आले नाहीत. त्या पैशात मुलीची वर्षाची क्लासची फी निघाली असती, त्यामुळे वाईट वाटलं. पण काकूंच्या घरी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा मोकळं वाटलं. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "मग असं सांगायचं की आधी." एवढंच.

आता मी आधीच सांगते. व्हिडिओ सुरू झाला की पहिल्याच वाक्यात, तोंडानं: ही जाहिरात आहे. "पहिल्या तीन सेकंदांत नको, लोक पुढे सरकतात," असं जाहिरातीची कामं आणून देणाऱ्या एजन्सीची पोरं म्हणतात. दोन कामं यावरूनच गेली. पण एका पापडवाल्या ताईंनी तसाच व्हिडिओ घेतला आणि चार महिन्यांनी पुन्हा काम दिलं. जुनी भांडीकुंडी विकणारा एक दुकानदारही तयार झाला.

नव्यानं सुरू करणाऱ्या मुली विचारतात म्हणून थोडं आणखी. 'अ‍ॅम्बॅसडर व्हा, आधी आमचा किट विकत घ्या' म्हणणारी कंपनी तुम्हाला काम देत नाही, तुम्हाला गिऱ्हाईक करतेय. पैशाऐवजी वस्तू येतात त्यांचाही हिशेब ठेवा. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांहून जास्तीच्या वस्तू आल्या आणि तुम्ही त्या ठेवून घेतल्या, तर १० टक्के टीडीएसचा, म्हणजे आधीच कापायच्या कराचा, नियम जुलै २०२२ पासून आहे. आणि करारात तुमचा चेहरा किती महिने, कुठं कुठं वापरणार हे लिहिलं नसेल तर विचारा. विचारल्यानं काम जात नाही. गेलं तर ते जाण्यासारखंच होतं.

कुणाला करार आला असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा, आपण बसून ओळ न् ओळ वाचू. फक्त सही करायच्या आधी पाठवा. दुपारी दोननंतर मी मोकळी असते.