साधा पोर्ट विचारायला इतका द्राविडी प्राणायाम?

वैताग आलाय. चालू प्रोग्रॅम कुठले पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचा क्रमांकाचा दरवाजा) अडवून बसलाय, एवढाच प्रश्न. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, उत्तर ठाऊक असतंच, नाहीतर नेटवर्कवरून आलेलं पॅकेट त्या प्रोग्रॅमपर्यंत पोचलं असतं कसं? पण लिनक्सवर पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) देऊन पोर्ट विचारायची सरळ सोय नाही!

आधी ‘प्रॉक’मध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ते फोल्डर) त्या पीआयडीच्या ‘एफडी’ फोल्डरात, म्हणजे त्याने उघडलेल्या गोष्टींच्या यादीत, शिरा, एकेक लिंक वाचून सॉकेटचे (नेटवर्क जोडणीच्या टोकांचे) आयनोड नंबर, म्हणजे ओळख क्रमांक, गोळा करा, मग ‘प्रॉक/नेट/टीसीपी’ फाइलीत तेच नंबर हुडका. तिथे पोर्ट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत): ८०८० म्हणजे १एफ९०. आयपी पत्ता तर आपल्या नेहमीच्या मशीनवर बाइटच्या उलट्या क्रमाने, १२७.०.०.१ चा होतो ०१००००७एफ. पोर्ट मात्र सुलटाच. एकाच ओळीत दोन तऱ्हा!

परवा जावाचा एक सर्व्हर सापडेना म्हणून दोन तास गेले. तो ‘टीसीपी६’ नावाच्या वेगळ्या, आयपीव्ही६ पत्त्यांच्या फाइलीत होता. यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या आणखी दोन फाइली. प्रोग्रॅम कंटेनरमधला (स्वतंत्र कप्प्यात चालणारा) असेल तर नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे त्याचं नेटवर्कचं जग, सहसा वेगळं, म्हणजे त्याच्याच पीआयडीखालचं ‘नेट’ वाचायचं. दुसऱ्या युजरचा असेल तर रूटशिवाय, म्हणजे सर्वाधिकारी युजर झाल्याशिवाय, ‘एफडी’ उघडतच नाही.

‘एलसॉफ’ ही उघड्या फाइली आणि पोर्ट दाखवणारी कमांड चालव की, असं सगळे सांगतात. अहो, मला हे कोडमधून हवंय! दुसऱ्या कमांडने छापलेला मजकूर कापत, रकाने मोजत किती दिवस बसायचं? विंडोजवर ‘गेटएक्स्टेंडेडटीसीपीटेबल’ हे फंक्शन पीआयडीसकट टीसीपीची यादी हातात देतं. मग इथे का नाही?