‘एएमडी तापतो, डोळे झाकून आय-नाईन घे’: फिरत्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज कायम फिरत असतो. सारांश असा: एएमडी कंपनीचा प्रोसेसर तापतो, आपल्या उन्हात टिकत नाही, कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि गिगाहर्ट्झ (त्यांचा वेग) जास्त तितका गेम पळतो, एएमडीची चिप तैवानहून करून आणलेली, इंटेल अस्सल, म्हणून पैसे वाढवून त्यांचा वरचा आय-नाईन घ्या, दहा वर्षं बघायला नको. नवा पीसी जोडणाऱ्या कुणी काही विचारलं की लगेच उत्तर येतं, “काय बघालास, आय-नाईन घे की!”

तापण्याची गोष्ट हवेतून आलेली नाही. २०१३ साली एएमडीने एफएक्स-९५९० काढला. आठ कोर, ५ गिगाहर्ट्झ आणि टीडीपी, म्हणजे कूलरला किती उष्णता काढावी लागेल त्याचा आकडा, तब्बल २२० वॅट. त्याच वर्षीचा इंटेलचा आय-सेव्हन ४७७०के चार कोरचा, ८४ वॅटचा, आणि गेममध्ये पुढे तोच. गंमत बघा, मेसेजमधला ‘जास्त कोर, जास्त गिगाहर्ट्झ’ हा मुद्दा त्याच काळात आपटला होता. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की एएमडी तापतो. २०१७ साली रायझन आला आणि पारडं फिरलं. २०२३ च्या रायझन ७ ७८००एक्स३डीचा टीडीपी १२० वॅट, गेम खेळताना त्याहूनही बराच कमी. इंटेलच्या आय-नाईन १४९००केची टर्बोतली, म्हणजे पूर्ण जोरात चालतानाची, मर्यादा २५३ वॅट. मग तापतो कोण?

आपल्याकडे हा प्रश्न नुसता कूलरचा नाही. घरोघरी ६०० व्हीएचे यूपीएस असतात, ते साधारण ३६० वॅट पेलतात. हेस्कॉमची लाईट गेली त्या क्षणी प्रोसेसर अडीचशे आणि ग्राफिक्स कार्ड दोनशे ओढत असेल, तर यूपीएस एकदा ओरडेल आणि बसेल. शिवाय गृहज्योती आहे, म्हणजे २०० युनिटपर्यंत वीज फुकट देणारी कर्नाटक सरकारची योजना. गेममध्ये दोन प्रोसेसरांत ९० वॅटचा फरक धरा, रोज चार तास खेळ धरा. महिन्याला ११ युनिटच्या आसपास जातात. २०० युनिटच्या काठावरच्या घरात तेवढ्यावरून पूर्ण बिल आलं तर बोलणी कुणाला बसणार, हे सांगायला नको.

उन्हाचं म्हणाल तर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरच्या बेळगावने रायचूर-कलबुर्गीसमोर उन्हाची तक्रार करू नये. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच चढतो, मग कंपनी कुठलीही असो. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश, १४९००केची १००. तिथे पोचले की दोघेही आपणहून वेग कमी करतात. कूलरमध्ये साचलेली धूळ मात्र वर्षातून दोनदा तरी काढा.

आता मूळ मुद्दा. १४९००केमध्ये २४ कोर, त्यातले दमदार आठच, बाकी सोळा वीज वाचवणारे छोटे; वेग ६ गिगाहर्ट्झपर्यंत. ७८००एक्स३डीत आठ कोर, वेग ५ पर्यंत. कागदावर सामना एकतर्फी, तरी कितीतरी गेममध्ये ७८००एक्स३डी बरोबरीत किंवा पुढे असतो. कारण एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली जलद मेमरी: ७८००एक्स३डीत ९६ एमबी, १४९००केत ३६. गेममध्ये प्रोसेसरला सतत विखुरलेली माहिती लागते. ती रॅममधून आणायची तर ७०-८० नॅनोसेकंद, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर प्रोसेसरच्या घड्याळाचे साडेतीनशे-चारशे ठोके वाया. कॅशमध्ये सापडली तर पन्नासेक ठोक्यांत काम होतं. गवंडी कितीही चपळ असला तरी विटा वर येईपर्यंत तो हात बांधून उभाच, तसंच हे.

वाटत नसेल तर ५८००एक्स आणि २०२२ चा ५८००एक्स३डी शेजारी ठेवा. पिढी तीच, कोर तेवढेच, ३डीचा वेग उलट २०० मेगाहर्ट्झने कमी, फक्त कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी. तरी गेममध्ये साधा ५८००एक्स हरतो. व्हिडिओ रेंडरिंगला मात्र ही कॅश फारशी उपयोगाची नाही, तिथे कोर आणि वेगच लागतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने आय-नाईन घेतला तर मी काही बोलणार नाही.

तैवानचा मुद्दा दोन ओळींत संपतो. एएमडी चिपा तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडून करून घेते हे खरं. इंटेलच्या २०२४ च्या कोअर अल्ट्रा २००एस मालिकेतला कोर असलेला तुकडाही टीएसएमसीच बनवते. आणि प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्हींत प्रोसेसर एएमडीचाच.

दहा वर्षांची हमी कुणीच देऊ नये. तेराव्या-चौदाव्या पिढीचे इंटेल जादा व्होल्टेजमुळे खराब होऊ लागले. २०२४ साली इंटेलला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) दुरुस्त करून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. एएमडीही धुतल्या तांदळाची नाही: २०२३ साली काही ७०००एक्स३डी जळाले आणि प्रोसेसरच्या एसओसी भागाच्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. दोन्हीकडे उपाय तोच, बायोस (मदरबोर्डातला प्रोग्रॅम) अपडेट करा. सॉकेटचं, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीचं, म्हणाल तर १४९००केच्या बोर्डावर पुढची पिढी बसतच नाही. उलट एएमडीच्या २०१७ च्या बऱ्याच एएम-४ सॉकेटच्या बोर्डांवर बायोस बदलून ५८००एक्स३डी चालतो.

राहिला पैसा. १०८० पिक्सेलवर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला प्रोसेसरचा फरक जाणवतो, तोही मॉनिटर १४४ हर्ट्झच्या पुढचा असेल तर. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर आय-नाईन म्हणजे पैसे पाण्यात. १४४० पिक्सेल किंवा फोर-केवर बहुतेक वेळा अडतं ते ग्राफिक्स कार्ड. म्हणून सहा कोरचा रायझन ५ ७६०० किंवा एखादा आय-फाइव्ह घ्यावा आणि उरलेले कार्डात घालावेत.

घेताना शेवटचं अक्षर तेवढं वाचा. ‘एफ’वाल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड वॉरंटीला बेंगळुरूला पाठवावं लागलं तर तेवढे दिवस पंखे नुसते फिरतील, पडदा काळा. साधा ७६०० असेल तर निदान व्हीटीयू विद्यापीठाचा निकाल तरी बघता येतो.