जुनं भारी घड्याळ सर्व्हिसिंगला टाकताना पावतीवर काय लिहून घ्यायचं

काचेच्या आतून वाफ दिसली की मुंबईत लोकांना आजोबांच्या ओमेगाची आठवण होते. मग विचारणा सुरू होते आणि उत्तरं ठरलेली येतात. एक म्हणतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच दे. दुसरा म्हणतो, फोर्टात एका गल्लीत जुने कारागीर आहेत, डोळे मिटून दे. मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात. डायल, काटे आणि केस (घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) यांना हात लावणार नाही, असं जो लेखी देतो त्याच्याकडे घड्याळ द्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे. घड्याळाच्या आतल्या मशीनमधली बहुतेक चूक पुढचा चांगला कारागीर निस्तरू शकतो. बफिंगने (चकाकीसाठी फिरत्या चाकावर घासल्याने) उडालेली कड आणि नव्याने रंगवलेली डायल मात्र कुणीच परत आणू शकत नाही, आणि जुन्या घड्याळाची किंमत तिथेच असते.

आधी वाफेचं. घड्याळ उन्हात ठेवू नका, ड्रायर मारू नका, तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको. आत ओल असेल तर स्टेम (चावीची दांडी), सेटिंग लिव्हर (ती दांडी धरणारा खटका) असे पोलादी भाग काही दिवसांत गंजायला लागतात. त्यामुळे त्याच दिवशी झाकण उघडून मशीन सुकवून घ्यायला हवं. सर्व्हिसिंग कुठे करायचं ते नंतर ठरवा.

कंपनीचं सेंटर वाईट काम करत नाही. त्यांना फक्त वेगळं काही साधायचं असतं: घड्याळ नव्यासारखं दिसावं, पाणी आत जाऊ नये आणि त्यावर वॉरंटी देता यावी. त्यासाठी ते केस पॉलिश करतात, काच, क्राऊन (चावीचं बटण), गॅस्केट (पाणी अडवणारी रिंग) बदलतात, आणि डायल-काट्यांवरचं चमकणारं द्रव्य जुनं झालं असेल तर डायल-काटेही बदलायला सांगतात. हे द्रव्य साठच्या दशकापर्यंत रेडियमचं असायचं, त्यानंतर नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत ट्रिटियमचं. डायलच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ अक्षर असेल तर ते ट्रिटियम. त्याचं अर्धायुष्य साधारण 12.3 वर्षं, म्हणून 1970 च्या घड्याळात आज उजेड उरलेला नसतो, नुसता सायीसारखा पिवळसर रंग उरतो. कंपनीच्या लेखी तो दोष आहे. जाणकाराच्या लेखी डायल आणि काटे एकाच वयाचे असल्याचा तो पुरावा आहे. काढलेले किरणोत्सारी भाग बऱ्याचदा परतही देत नाहीत. तेव्हा ‘जुने सगळे भाग परत मिळतील का’ हे घड्याळ हातातून सोडण्याआधी विचारा.

तरीही काही घड्याळं कंपनीकडेच द्यावीत. रोज वापरातलं, पावसात भिजणारं, विसेक वर्षांपूर्वीचं रोलेक्स असेल तर दुसरीकडे जाऊ नका, कारण रोलेक्सचे अस्सल सुटे भाग बाहेर सहज मिळत नाहीत. पर्पेच्युअल कॅलेंडर (लीप वर्षासकट तारीख आपोआप बरोबर दाखवणारं) किंवा मिनिट रिपीटर (वेळ ठोके देऊन सांगणारं) असेल तर तेच. पाटेक फिलिप 1839 पासूनचं आपलं प्रत्येक घड्याळ सर्व्हिस करण्याची जबाबदारी घेतं, अशी कामं त्याच घराण्याची. मात्र घड्याळ स्वतः परदेशी पाठवणार असाल तर ते दुरुस्तीसाठी जातंय आणि परत येणार आहे, हे निघतानाच कस्टम्सच्या कागदांवर नंबरासकट नोंदवा. नाहीतर परत येताना नवीन आयात समजून शुल्क लागू शकतं. शंभर वर्षांपेक्षा जुनं खिशातलं घड्याळ असेल तर जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन घालणारा 1972 चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. आधी चौकशी, मग पार्सल.

उरलेल्या बहुतेक जुन्या ओमेगा, लाँजिन, फाव्र-ल्युबा घड्याळांसाठी मी स्वतंत्र कारागीर निवडीन. पण दुकान बघून नव्हे, बाक बघून. काउंटरवर घड्याळ घेणारा आणि ते उघडणारा माणूस बरेचदा वेगवेगळा असतो. काम प्रत्यक्ष कुठे होतं ते विचारा. खोली बंद हवी, बाक छातीच्या उंचीचा हवा, सुटे केलेले भाग काचेच्या झाकणाखाली हवेत, बोटांवर रबरी टोप्या हव्यात. रस्ता खोदलेला असताना धूळ थेट येते अशा उघड्या टपरीत पट्टा बदला, सेल बदला, पण मशीन उघडायला देऊ नका.

मग तेलाबद्दल विचारा. खरा कारागीर या प्रश्नावर खुलतो. जुन्या मशीनला एक तेल चालत नाही, निदान चार लागतात. बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) आणि वेगाने फिरणाऱ्या चाकांच्या पिव्हटना (धुऱ्याच्या टोकांना) मोबियस कंपनीच्या 9010 सारखं पातळ तेल, संथ आणि जोर सोसणाऱ्या चाकांना एचपी 1300 किंवा डी 5 सारखं जाड, पॅलेटच्या (चाकाचा एकेक दात सोडणाऱ्या खटक्याच्या) खड्यांना 9415, आणि ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने चावी भरणारं) असेल तर बॅरलच्या (मेन स्प्रिंगच्या डबीच्या) भिंतीला 8217 सारखं ब्रेकिंग ग्रीस. ‘सगळ्याला एकच तेल’ असं उत्तर आलं की घड्याळ खिशात घाला.

गडबड होते ती विशेषतः या शेवटच्या ग्रीसमध्ये. आपल्याकडच्या अनेक कारागिरांचा हात एचएमटी जनतासारख्या चावीच्या घड्याळांवर बसलेला आहे. तिथे मेन स्प्रिंगचं (घड्याळ चालवणाऱ्या गुंडाळलेल्या स्प्रिंगचं) टोक बॅरलला अडकलेलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये ते अडकत नाही, पूर्ण भरल्यावर भिंतीवरून घसरतं. ग्रीस फार निसरडं पडलं तर स्प्रिंग भरण्याआधीच घसरते आणि रात्री काढून ठेवलेलं घड्याळ पहाटे बंद पडतं. उलट ती घसरलीच नाही तर जोर जास्त होऊन बॅलन्स आपटायला लागतो आणि घड्याळ एकदम पुढे पळतं. दोन्ही तक्रारींवर ‘जुनं झालंय, असंच चालणार’ हे उत्तर मिळतं. ते उत्तर चुकीचं आहे.

सफाईचंही तसंच. मशीन पूर्ण सुटं न करता पेट्रोलात बुडवून काढणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. वाळलेल्या तेलात पितळेची भुकटी मिसळून तिची पॉलिश पेस्ट बनते आणि ती पिव्हट खात राहते. पॅलेटचे खडे शेलॅक लाखेने चिकटवलेले असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून तो भाग स्पिरिटमध्ये भिजत ठेवायचा नसतो. एवढं माहीत नसलेला माणूस तुमचं घड्याळ उघडायला नको. ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणणाराही नको. सुटं करणं, धुणं, जोडणं, तेल यातच दिवस जातो, आणि मग निदान आठवडाभर ते चालवून बघावं लागतं.

टायमिंग मशीनवरचे (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडे आधीचे आणि नंतरचे, दोन्ही मागा. पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर ठेवून ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) 270 ते 300 अंश आलं तर उत्तम. 220 च्या खाली असेल तर काहीतरी राहिलंय. बीट एरर (दोन बाजूंच्या झोक्यांमधला वेळेचा फरक) एक मिलिसेकंदाच्या आत हवा. टायमिंग मशीनवर लिफ्ट अँगल (ॲम्प्लिट्यूड काढायला लागणारा, त्या त्या घड्याळाचा ठरलेला कोन) बरोबर घातलाय का तेही बघा. साठच्या दशकातल्या ओमेगा 561, 564 वगैरे मशीनना 49 लागतो आणि टायमिंग मशीन बहुधा 52 वर ठेवलेलं असतं. तसंच मोजलं तर खरं 250 असताना 265 दिसतं आणि दोघंही खूश होतात.

आता डायलकडे. ‘चकाचक करून देतो’ हे मुंबईतलं सर्वांत महाग वाक्य आहे. नव्याने छापलेली डायल ओळखायला सोपी असते: मिनिटांच्या रेघा उठावाच्या खुणांशी जुळत नाहीत, अक्षरं जाडसर फुगतात, तळाचं ‘स्विस मेड’ गायब असतं किंवा वर सरकलेलं. केसचंही असंच. जुन्या ओमेगा कॉन्स्टेलेशनचे लग्ज (केसचे पट्टा जोडायचे कान) तिरप्या उजेडात धरा. दोन पृष्ठं मिळतात तिथली रेघ ब्लेडसारखी सरळ दिसली तर केस बहुधा जपलेली आहे. एकदा बफ फिरला की ती साबणाच्या वडीसारखी गोल होते, आणि मागच्या झाकणावरच्या वेधशाळेच्या चित्रातले आठ तारे पुसट होतात. काचही उगाच बदलू देऊ नका. ओमेगाच्या अस्सल प्लॅस्टिक काचेच्या अगदी मधोमध मुंगीच्या डोक्याएवढं चिन्ह कोरलेलं असतं, दहापट भिंगातून दिसतं. त्या काचेवरचे ओरखडे पॉलिशने निघतात. रेडियमची डायल असेल तर ती खरवडायची नाही, हेही बजावून सांगा. ती भुकटी श्वासातून आत जाणं घातक आहे.

पावतीवर मग एवढं हवं: मशीनचा नंबर, तोही झाकण तुमच्यासमोर उघडून फोटो काढून. डायल, काटे, क्राऊन, काच न विचारता बदलू नये. केसला बफ लावू नये. गॅस्केट आणि मेन स्प्रिंग नवीन. घातलेला सुटा भाग नवा की दुसऱ्या मशीनमधून काढलेला, ते लिहावं. काढलेले सगळे भाग परत. यावर जो सही करायला कुरकुर करेल त्याची पाटी कितीही मोठी असो, तिथे देऊ नका.

घड्याळ परत आलं की पहिले चोवीस तास मनगटावर आणि पुढचे काही दिवस टेबलावर डायल वर, डायल खाली, क्राऊन खाली असं ठेवून रोज एकाच वेळी फरक लिहा. ऑटोमॅटिक हलवताना आतून खरखर आली तर ते लगेच परत न्या. रोटरचा (हालचालीने चावी भरणाऱ्या आतल्या वजनाचा) धुरा बहुधा झिजलेला असतो आणि तो झाकण घासत असतो. परत मिळालेले जुने भाग टाकू नका. छोट्या पाकिटात घालून, तारीख आणि मशीनचा नंबर लिहून, पावतीसोबत घड्याळाच्याच डब्यात ठेवा. पुढच्या सर्व्हिसिंगला कारागिराला जुन्या क्राऊनवरून नव्याचं माप बरोबर घेता येतं.