‘ग्लार्जिनवर जा, युनिट तेवढेच ठेवा’: हा सल्ला मांजराच्या जिवावर बेतू शकतो

मधुमेही मांजर असलेल्या घरांमध्ये हल्ली एक सल्ला फार फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: “शुगर खाली येत नसेल तर तुमचं इन्सुलिन निकामी आहे. माणसांचं ग्लार्जिन आणा, युनिट आहेत तेवढेच द्या, सिरिंज घरात असेल ती चालते. दोन दिवसांत आकडा उतरला नाही तर डोस वाढवा. महिन्याभरात इन्सुलिन सुटेल.” लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. यातलं एक वाक्य बरोबरही आहे आणि त्याच्या भरवशावर लोक बाकीचंही खरं मानून चालतात.

बरोबर काय ते आधी सांगते. ग्लार्जिन, म्हणजे संथपणे सुटत राहणारं इन्सुलिन, मांजरांना खरंच मानवतं. केमिस्टकडे सहज मिळणारं एनपीएच नावाचं इन्सुलिन मांजराच्या अंगात बारा तास पुरत नाही. सकाळचं इंजेक्शन दुपारपर्यंत ओसरतं आणि संध्याकाळी शुगर पुन्हा चढलेली असते. 2009 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नव्याने निदान झालेल्या 24 मांजरांचे आठ-आठचे तीन गट करून प्रत्येकाला वेगळं इन्सुलिन दिलं: ग्लार्जिन, पीझेडआय किंवा लेंटे. ग्लार्जिनच्या गटातली आठच्या आठ मांजरं इन्सुलिनमुक्त झाली, पीझेडआयच्या गटात तीन, लेंटेच्या गटात दोन. अभ्यास लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. इन्सुलिन बदलायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ज्या पद्धतीने बदलायला सांगितलंय तिला.

“युनिट तेवढेच द्या.” सगळ्यात घातक वाक्य हेच. चार किलोच्या मांजराची सुरुवात साधारण एक ते दोन युनिटांवर, दिवसातून दोनदा होते. एनपीएच लवकर ओसरतं म्हणून डोस वाढत वाढत पाच युनिटांवर गेलेला असतो. हे पाच युनिट त्या इन्सुलिनची उणीव भरून काढण्यासाठी होते. मांजराची गरज तेवढी असेलच असं नाही. तेच पाच युनिट ग्लार्जिनचे दिले तर ते हळूहळू सुटत राहतं, मागच्या डोसचा असर पुढच्या डोसवर चढतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी शुगर फार खाली जाऊन मांजर लटपटायला लागतं. म्हणून नवं इन्सुलिन म्हणजे नवी सुरुवात. बहुतेक वेळा पुन्हा एक-दोन युनिटांपासूनच, आणि आकडा ठरवायचा तो मांजराला तपासणाऱ्या डॉक्टरांनी. जुनं आणि नवं दोन्ही एकाच वेळी टोचायचं नाही, हेही सांगून ठेवते.

“सिरिंज कुठलीही चालते.” हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे एनपीएचच्या कुप्या बहुतेक 40 युनिट प्रति मिली असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन बहुतेक 100 युनिट प्रति मिली असतं, त्याची सिरिंज नारंगी टोपणाची. दोन्ही हातात धरून बघा, रेषा जवळपास सारख्याच दिसतात. पण लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ‘2’च्या रेषेपर्यंत भरलं की आत 0.05 मिली येतं. ते एनपीएच असेल तर दोन युनिट, ग्लार्जिन असेल तर पाच. म्हणजे अडीचपट डोस, तोही चार किलोच्या जिवाला. इन्सुलिन बदललं त्याच दिवशी जुन्या सिरिंजचा डबा घरातून बाहेर काढा. घरात इंजेक्शन देणारे दोघं-तिघं असतील तर प्रत्येकाला नवी सिरिंज हातात देऊन दाखवा. अर्धा युनिट मोजावा लागतो म्हणून 0.3 मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मागा. आणि ग्लार्जिन पाण्याने पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. ते आम्ल द्रावण असतं आणि कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण बनतात, म्हणूनच ते संथपणे सुटतं. पातळ केलंत की ती करामतच बिघडते.

“दोन दिवसांत उतरलं नाही तर वाढवा.” नाही. ग्लार्जिनचा असर स्थिरावायलाच काही दिवस जातात, त्यामुळे वाढवण्याचा विचार साधारण आठवड्यानंतर. कमी करायला मात्र थांबायचं नाही. शुगर 60 च्या आसपास आली तर लगेच खायला द्या आणि डॉक्टरांना फोन करा. मांजर खात नसेल किंवा झटके येत असतील तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि तडक दवाखाना गाठा.

मोजणं घरीच झालेलं बरं. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची शुगर नुसत्या ताणाने 300 च्या वर जाते आणि त्या आकड्यावर डोस वाढवला की घरी येऊन ते कोसळतं. कान हाताने चोळून ऊबदार करा, कडेच्या शिरेजवळ लँसेट टोचा, मोहरीएवढा थेंब पुरतो. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्ताचा आकडा बहुधा खराहून कमी दाखवतो, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

“शुगर उतरत नाही म्हणजे इन्सुलिन निकामी.” कधीकधी तसं असतंही: कुपी गोठलेली, उन्हात राहिलेली किंवा फार जुनी. पण हिरड्यांची सूज, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाचा दाह, खाजेसाठी दिलेलं स्टेरॉइड, यातलं काहीही शुगर वर धरून ठेवतं. ब्रिटनमध्ये 1221 मधुमेही मांजरांची रक्ततपासणी झाली तेव्हा जवळपास चौथ्या हिश्श्यात वाढीचं संप्रेरक जास्त बनण्याचा आजार सुचवणारा आकडा आला. अशा मांजराचं इन्सुलिन कितीही बदला, मूळ कारण जागच्या जागीच राहतं.

राहिलं “महिन्याभरात सुटेल”. सुटू शकतं, विशेषतः निदानानंतर पहिल्या सहा महिन्यांत काटेकोर उपचार सुरू झाले तर. त्यात खाण्याचाही मोठा वाटा असतो: कोरडे दाणे कमी, कमी कर्बोदकांचं ओलं खाणं जास्त. पण खाणं आणि इन्सुलिन एकाच दिवशी बदलू नका. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिनची गरजही घटते, आणि दोन्ही एकदम केलं तर शुगर कशाने पडली तेच कळत नाही. सुटतं तेही पायरीपायरीने, आकडे बघत, अर्धा-अर्धा युनिट कमी करून. “महिना झाला” म्हणून एकदम बंद केलेल्या मांजराच्या अंगात कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून बनणारी घातक द्रव्यं) साठू शकतात: खाणं सुटतं, उलट्या होतात, मांजर मलूल पडतं. लघवीच्या कीटोन पट्ट्या केमिस्टकडे मिळतात. इन्सुलिन बदलण्याच्या आणि कमी करण्याच्या काळात त्या घरात ठेवा, आणि पट्टी जांभळी झाली तर सकाळची वाट बघू नका.