बोरिंग, पण पाण्याची नव्हे

ग्वाल्हेरची थंडी पुण्याच्या माणसाला पटत नाही. आमचे पाहुणे डिसेंबरअखेर मेला बघायला येतात ते बिनबाह्यांचा स्वेटर घेऊन, आणि दुसऱ्या सकाळी रजाईतूनच चहा मागतात. पारा चार-पाचावर, दुपारपर्यंत कोहरा, आणि लश्कर भागातल्या जुन्या घरांच्या दगडी फरश्या अशा की मोजे घालूनही माणूस टाचांवर चालतो. मे महिन्यात तोच पारा 45 च्या वर. हीटर माळ्यावर चढवावा तोवर कूलर खाली उतरवायची वेळ होते.

यावर मुलाने स्वीडनहून फोनवर उपाय सांगितला. "बाबा, जिओथर्मल करून टाका." चुना मारून टाका म्हणावं त्या सुरात. तिकडे त्याच्या घराखाली आहे म्हणे. वर हवेने काहीही थैमान घालो, वीस-तीस फुटांखाली जमिनीचं तापमान बारा महिने जवळपास तेच राहतं, त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं. आपल्याकडे 25-26 अंश. पुरलेल्या पाइपांच्या फेऱ्यातून, म्हणजे लूपमधून, पाणी फिरवायचं; थंडीत हीट पंप त्यातली ऊब घरात आणतो, उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत सोडतो. एक युनिट वीज घेऊन तीन-चार युनिट उष्णता देतो. "फक्त लूप कोणता घालायचा ते ठरवा," एवढं बोलून तो ऑफिसला गेला.

आडवा लूप सर्वांत स्वस्त. पाच-सहा फूट खोल चर खणायचे आणि पाइप पुरायचे. पण घराला तीन टनांचं यंत्र लागणार, म्हणजे शेकडो फूट चर. आमच्या परसात हिचं लिंबू, हिचा कढीपत्ता आणि आत्याचं तुळशीवृंदावन. चर कुठून जातील ते दिसावं म्हणून मी रांगोळीने रेघा मारल्या. आत्याने गच्चीतून विचारलं, "कुणाची मौंज रे?" रेघ लिंबाखालून गेल्याचं हिच्या लक्षात आलं, आणि ती पायाने पुसली गेली.

जागा कमी असेल तर पाइपाची वेटोळी करून पसरतात, त्याला स्लिंकी म्हणतात. मी आत्याला फोटो दाखवला. "ही तर चकली," ती म्हणाली, "मोहन कमी पडलं तर तुटेल." पाइप एचडीपीई प्लास्टिकचा असतो, सांधे वितळवून एकजीव करतात, तो सहज पन्नास वर्षं टिकतो, असं मी सांगितलं. आत्या नव्वदीला टेकली आहे. पन्नास वर्षांचं तिला कौतुक नाही. पण आडव्या लूपची खरी अडचण तुळशीची नव्हतीच. कोरडी माती उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि आमची वरची माती नेमकी मे महिन्यात, गारव्याची सर्वाधिक गरज असताना, भुगा झालेली असते.

तळ्यातला लूप फार सोपा, फक्त घराजवळ तळं हवं. आमचं तळं म्हणजे तिघरा, 1916 चं धरण, तेही शहराबाहेर. विहिरीच्या पाण्यावरचा उघडा लूपही असतो. वाड्याची विहीर होती. वाटणीत ती धाकट्या काकांकडे गेली आणि आता तिच्यावर त्यांची गाडी उभी असते. तो विषय पुन्हा काढण्यापेक्षा गारठलेलं बरं.

उरला उभा लूप. टनामागे दीडशे-दोनशे फूट भोक, आमच्यासारख्या तापत्या गावात त्याहून जास्तच, कारण थंडी दोन महिने आणि गर्मी आठ. जमिनीतून जितकं काढायचं त्यापेक्षा कितीतरी जास्त तिच्यात ओतायचं, म्हणजे लूप आखूड ठेवला तर भोवतीचा खडक वर्षागणिक तापत जाणार. तीनशे-तीनशे फुटांची तीन भोकं, मध्ये पंधरा-वीस फूट अंतर. खाली पत्थर निघाला तर उत्तम. वालुकाश्म कोरड्या मातीपेक्षा कितीतरी चांगली उष्णता वाहतो. आत्यानेही होकार दिला, ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमराच्या दाखल्यावर. किल्ल्यावरच्या त्याच्या मानमंदिर महालाखाली दोन मजले जमिनीत आहेत; "तो काय वेडा होता?"

बोरिंगवाल्याला बोलावलं.

"पानी कितने फुट पे चाहिए?"

"पानी नहीं चाहिए."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. मी समजावलं: भोक पाडायचं, त्यात यू आकाराचा पाइप सोडायचा, आणि भोक बेंटोनाइट या चिकणमातीच्या गाऱ्याने तळापासून वरपर्यंत बुजवायचं.

"बुजवायचं" ऐकून तो खाटेवर बसला. "और साब, पानी निकल आया तो?"

"तो भी बंद करना है."

शेजारचे वकीलसाहेब कुंपणापाशी येऊन उभेच होते. त्यांनी कायदा काढला: मध्यप्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, 1986. टंचाई जाहीर झाली की परवानगीशिवाय खाजगी नलकूप, म्हणजे पाण्याची बोअर, खोदता येत नाही. हा नलकूपच नाही, यातून थेंबही निघणार नाही, असं मी म्हणालो. "हे त्या मशीनला पकडायला आलेल्या पटवाऱ्याला सांगाल?" त्यांनी विचारलं. थांबून म्हणाले, "आणि पाणी लागलंच, तर आमच्याकडे एक नळ सोडा ना. कायद्याचं मी बघतो."

भाव ठरला तो नेहमीचाच, फुटावर, बुजवायचे वेगळे. मुहूर्त पावसाळ्यानंतरचा. बोरिंगवाल्याची एकच अट होती. तो खोदलेल्या प्रत्येक बोरिंगशेजारच्या भिंतीवर गेरूने आपला मोबाइल नंबर लिहितो, तेवढा इथे लिहिणार नाही. "और कोई पूछे तो," जाताना तो हिला म्हणाला, "मेरा नाम मत लेना, भाभीजी."